कमी पैशात घर चोरांपासून वाचवायचंय? आधी कोयंडा, मग कुलूप, कॅमेरा सगळ्यात शेवटी

पगार पुढे ढकलले जातायत, ओव्हरटाइम बंद, किराण्याचं बिल दर महिन्याला वाढतंय, अशा दिवसांत घरात चोरी झाली तर ती भरून काढायला वर्षं जातात. म्हणून लोक घाबरून खर्च करतात आणि खर्चाचा क्रम नेमका उलटा लावतात. आधी हप्त्यावर कॅमेरा येतो, मग भलंमोठं कुलूप, आणि ते कुलूप ज्या कोयंड्यात अडकवायचं तो मात्र पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर लटकतोय. पेपरात घरफोडीची बातमी येते तेव्हा वाक्य काय असतं बघा, "कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला". उचकटतात ते कोयंडा, कुलपाच्या नादाला फार कमी वेळा लागतात. आमच्या मागच्या बिल्डिंगमधलं फोडलेलं एक दार मी जवळून बघितलंय, आठ लिव्हरचं कुलूप शाबूत, त्यावर ओरखडासुद्धा नाही, आणि ते ज्यात लावलेलं तो कोयंडा स्क्रूंसकट चौकटीतून उपटून पायपुसण्यावर पडलेला, स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा भुसा तसाच अडकलेला.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पैसे मध्येच संपले तरी चालेल, कारण जे आधी आहे ते जास्त महत्त्वाचं आहे. फ्लॅट, चाळ, बैठं घर, गावचं घर, सगळ्यांना लागू पडेल असं लिहिलंय, तुमच्याकडे जे नाही ते सोडून द्या.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी वही घ्या

एखाद्या रविवारी दोनदा फेरी मारायची, एकदा सकाळी उजेडात आणि एकदा रात्री आठ-नऊनंतर. बाहेरून दार लावून घ्या आणि विचार करा की किल्ली हरवलीय, आत कसं जाल? तुम्ही स्वतः जी वाट काढाल तीच चोर काढणार. बाथरूमच्या खिडकीतून हात जातो का, जिन्यावरून बाल्कनीत पाय टाकता येतो का, पाण्याचा पाइप खिडकीला लागून गेलाय का, शेजारच्या अर्धवट बांधकामावरून तुमच्या गच्चीवर उडी मारता येते का. रात्रीच्या फेरीत फक्त अंधार कुठे आहे ते लिहा.

हातात एक स्क्रूड्रायव्हर ठेवा. चौकटीच्या तळाशी, फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत, तो टोचून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं किंवा आत पोकळ वाजलं तर वाळवी किंवा ओल आहे, अशा चौकटीवर कितीही भारी लोखंड ठोकलं तरी फुकट, आधी तिचं बघावं लागेल.

मग वहीत तीन रकाने करा: "फुकटात होईल", "या महिन्यात", "नंतर". माझा आग्रह आहे की पहिल्या रकान्यातलं सगळं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. आणि या कामासाठी एफडी मोडू नका, क्रेडिट कार्डावर हप्ते करू नका, दर महिन्याला थोडे बाजूला टाकून जेवढं होईल तेवढंच.

पैसे वाचवायची खरी जागा म्हणजे मिस्त्रीची मजुरी. सुतार पाच मिनिटांच्या कामालासुद्धा अर्ध्या दिवसाची मजुरी मागतो, त्याचं चुकत नाही, यायला-जायला त्याचाही वेळ जातोच. म्हणून सगळी कामं एकाच दिवशी काढा आणि शेजारच्या दोन-तीन घरांना विचारा, चार दारं एका दिवसात झाली तर मजुरी वाटली जाते. लोखंडी पट्टी नवी घेऊ नका, फॅब्रिकेशनवाल्याकडे कापून उरलेले तुकडे वजनावर मिळतात. जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला जातात तेव्हा भंगारवाल्याकडे चांगली ग्रिलं येतात, आपल्या खिडकीचं माप खिशात ठेवलं तर स्वस्तात काम होतं.

तपासा: भाड्याचं घर आहे का? मालकाला एक मेसेज टाकून लेखी होकार घ्या. जुनं लॅच, जुना कोयंडा फेकू नका, पिशवीत बांधून ठेवा, घर सोडताना तो परत लावायचा आणि आपलं नवं सामान सोबत न्यायचं.

## टप्पा २: मुख्य दरवाजा, इथे घाई नको

अर्ध्याहून जास्त बजेट इथे गेलं तरी चालेल.

चौकट. दार बंद करून खांद्याने जोरात ढकलून बघा. चौकट भिंतीपासून हलत असेल, कडेचं प्लास्टर तडकलं असेल तर आतले होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सुटलेत. गवंड्याकडून दोन्ही बाजूंनी नवे होल्डफास्ट टाकून सिमेंट भरून घ्या. हलत्या चौकटीवर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

स्क्रू. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फायद्याचं काम आहे. एक स्क्रू काढून बघा, बहुतेक घरांत तो पाऊण इंचाचाच निघतो, कारण कडीकोयंड्याच्या पाकिटात तोच येतो. चौकटीत बसणाऱ्या भागाला अडीच इंची स्क्रू लावा. पण दाराच्या फळीत ते चालणार नाहीत, फ्लश डोअर, म्हणजे दोन्हीकडून प्लाय लावलेलं सपाट दार, साधारण सव्वा-दीड इंच जाड असतं, स्क्रू आतून बाहेर येईल. त्यामुळे फळीवरच्या भागाला आरपार नट-बोल्ट, बाहेरून गोल गुळगुळीत डोकं म्हणजे पाना लागायला जागाच नाही, आणि नट आतल्या बाजूला. नटाखाली मोठा वॉशर किंवा आतून लोखंडी पट्टी घाला, नाहीतर जोर दिल्यावर बोल्ट फ्लश डोअरचं पातळ प्लाय फाडून निघून येतो.

लांब स्क्रू थेट ठोकू नका. आधी बारीक ड्रिल मारा, स्क्रूला थोडा साबण घासा आणि मग पिळा, नाहीतर चौकट चिरते. जुनं भोक मोठं झालं असेल तर फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोका, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी भोक पाडा. लोक इथे काडीपेटीच्या काड्या भरून वेळ मारून नेतात, ते कपाटाच्या दाराला ठीक आहे, मुख्य दाराला नाही.

अल्ड्रॉप (दाराची आडवी सरकती लोखंडी दांडी) आणि कडीकोयंडा. पातळ पत्र्याचा कोयंडा हाताने वाकतो का बघा, वाकला तर बदला. अल्ड्रॉपची दांडी चौकटीत किती आत जाते ते मोजा, अर्धा इंच जात असेल तर दार हलवल्यावर ती बाहेर सरकते, निदान इंच-सव्वा इंच आत गेली पाहिजे. ज्या भोकात ती जाते तिथे चौकटीवर लोखंडी पट्टी बसवा.

बिजागऱ्या. आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतच असतात, तिथे फक्त स्क्रू लांब करा. सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, त्याच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात आणि त्यांची पिन खालून ठोकली की वर निघते. लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर पिनच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा ठिपका मारून घ्या. लाकडी असेल तर एक जुनी युक्ती आहे, बिजागरीच्या दोन पात्यांतला समोरासमोरचा एक-एक स्क्रू काढायचा, एका भोकात डोकं कापलेला जाड खिळा अर्धा इंच बाहेर ठेवून ठोकायचा, दार लागलं की तो समोरच्या भोकात शिरतो. मग पिन काढली तरी दार जागचं हलत नाही.

लॅच. ही चूक रोज लाखो घरांत होते. दार नुसतं ओढून घेतलं की स्प्रिंगवाली जीभ बसते, ती तिरकी असते आणि फटीतून पातळ पत्रा सरकवला की मागे जाते. किल्ली फिरवून दुसरा आटा लावला की जीभ अडकते, मग ती ढकलून मागे जात नाही. खाली दूध आणायला जातानासुद्धा किल्लीने आटा लावा. याला पैसे लागत नाहीत, सवय लागते.

कुलूप. आता कुलपाचा नंबर. बाहेर लटकणारं कुलूप जिन्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की घरात कोणी नाही. फ्लॅटमध्ये शक्य असेल तर आतल्या आत बसणारं कुलूप किंवा दोन आट्यांचं लॅच मुख्य दाराला, आणि बाहेर सेफ्टी डोअरला त्याचं स्वतःचं. चाळीत किंवा बैठ्या घरात लटकतं कुलूपच लावायचं असेल तर वरची वाकलेली दांडी जितकी आखूड आणि जाड तितकं बरं, लांब दांडीत पहार शिरते आणि पिळता येते.

सावधान: आतून इतके अडसर लावू नका की आग लागल्यावर आजीला किंवा मुलांना दार उघडता येणार नाही. रात्री आतून किल्लीने बंद करत असाल तर ती किल्ली एका ठरलेल्या खिळ्याला, घरातल्या सगळ्यांना अंधारातही सापडेल अशा जागी, आणि तो खिळा दाराच्या फटीतून किंवा खिडकीतून हात पोचेल असा नको.

तपासा: काम झाल्यावर मिस्त्रीसमोर बाहेरून दार जोरात हिसकवा. खडखड झाली तर पैसे देण्याआधी ती बंद करून घ्या.

## टप्पा ३: खिडक्या, बाथरूम, गच्ची, पत्रा

स्लायडिंग खिडकीचं लॉक तकलादू असतं, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे खिडकीचा पल्ला वर उचलून ट्रॅकमधून काढता येतो. दोन उपाय, दोन्ही जवळपास फुकट. ट्रॅकच्या खालच्या खाचेत मापाची काठी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा आडवा टाका, पल्ला सरकत नाही. आणि वरच्या ट्रॅकमध्ये पल्ला बंद असताना त्याच्या डोक्यावर एक स्क्रू खाली डोकावेल असा लावा, पल्ला उचलला जात नाही.

बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या बहुतेक सगळे विसरतात. त्या पत्र्याच्या दोन कानांत नुसत्या बसवलेल्या असतात, एकेक करून बाहेर सरकतात, आवाजही होत नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून एखादं पोरगं आत सोडून मुख्य दार आतून उघडून घेतात. बाहेरून दोन-तीन आडव्या सळया भिंतीत रोवून घ्या. एक्झॉस्ट फॅन काढून ठेवलेलं भोक असेल तर तिथेही तेच.

ग्रिल आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ते बसवलंय कसं ते बघा. बाहेरून दिसणाऱ्या स्क्रूंवर असेल तर चोर ते पिळून काढेल. स्क्रूची डोकी घासून टाका म्हणजे ड्रायव्हर बसणार नाही, किंवा वेल्डिंग करून घ्या. पण निदान एका खिडकीचं ग्रिल आतून कुलपाने उघडणारं ठेवा, किल्ली जवळच पण बाहेरून हात न पोचेल अशा जागी. आगीत ग्रिलमागे माणसं अडकतात, चोराच्या भीतीने तो धोका घेऊ नये.

गच्चीचा दरवाजा हा बैठ्या घरांचा आणि वरच्या मजल्याच्या फ्लॅटचा कच्चा दुवा. आतून अल्ड्रॉप आणि त्याला कुलूप. गावच्या घरावर पत्रा असेल तर पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकचे नट बाहेरून पान्याने सुटतात, कडेच्या ओळीतले नट घट्ट करून वरचे आटे हातोडीने ठेचून टाका. मात्र पुढे पत्रा बदलायचा झाला तर ते हुक कापावे लागतील, हे धरून चाला. आणि शिडी! अंगणात आडवी टाकलेली शिडी आत घ्या किंवा साखळीने झाडाला बांधा, पहार, कोयता, टिकाव हे पण घरात. चोराला हत्यार आपणच पुरवायचं नाही.

## टप्पा ४: किल्ल्या मोजा

घराच्या किती किल्ल्या आहेत आणि कुणाकडे आहेत, हे पटकन सांगता येत नसेल तर हा टप्पा तुमच्यासाठी. आधीचा भाडेकरू, रंगवाला, कामवाल्या मावशी, मुलाचा मित्र. नव्या घरात राहायला आलात की लॅचचं सिलिंडर बदलून घ्या, अख्खं लॅच बदलायची गरज बऱ्याचदा नसते, त्यात पैसे वाचतात.

पायपुसणं, तुळशीची कुंडी, शू-रॅक, मीटर बॉक्स, दाराच्या वरची पट्टी. या जागा चोरांना तुमच्याआधी माहीत असतात. जादाची किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे किंवा जवळच्या नातेवाइकांकडे, त्यावर नाव किंवा फ्लॅट नंबर न लिहिता.

सावधान: रस्त्यावरून ओरडत जाणाऱ्या चावीवाल्याला कपाटाची चावी बनवायला घरात घेऊ नका. "तेल गरम करून आणा", "पाणी आणा" म्हणून तुम्हाला आत पाठवतात आणि तेवढ्यात लॉकर साफ. बाजारात दुकान असलेला माणूस बोलवा आणि चावी बनेपर्यंत समोरून हलू नका, दागिने आधीच दुसरीकडे ठेवा. दागिने पॉलिश करून देणारे आणि "पुढे चोरी झालीय, आम्ही साध्या वेशातले पोलीस, अंगावरचं काढून रुमालात बांधा" म्हणणारे, हेसुद्धा त्याच जातीचे.

## टप्पा ५: दिवा आणि शेजार

बाहेरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ९ वॅटचा एलईडी रात्रभर, म्हणजे १० तास, लावला तर महिन्याला २.७ युनिट होतात. तुमच्या बिलावर युनिटचा जो दर पडतो त्याने गुणून बघा, एका वडापाव-चहाच्या आसपास हिशोब बसतो. त्याला डे-नाईट सेन्सरचा होल्डर लावा, अंधार पडला की लागतो, उजाडलं की बंद. हे महत्त्वाचं आहे कारण गावाला जाताना दिवा चालू ठेवून गेलात की तो भर दुपारीही जळत राहतो आणि घर बंद असल्याचं गल्लीभर सांगतो. हालचाल झाली की लागणारा सेन्सर मागच्या बाजूला चांगला, पण मांजर-कुत्र्यानेही लागतो, एवढं धरून चाला.

शेजाऱ्यांशी बोलून ठेवणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा उपयोगी आहे आणि फुकट आहे. नुसतं "लक्ष ठेवा हं" म्हणू नका, नेमकं काम सांगा: दारावरची पत्रकं आणि पेपर उचला, पार्सल आलं तर घ्या, रात्री एकदा सेफ्टी डोअरचं कुलूप बघा, कुणी फर्निचर न्यायला टेम्पो आणला तर आधी मला फोन करा. आणि ते गावाला गेले की तुम्ही त्यांच्यासाठी हेच करायचं.

दुपारी अकरा ते चार नवराबायको दोघं कामावर, मुलं शाळेत, त्या वेळेला सोसायटीत कोण फिरतं ते वॉचमनला विचारा. आणि पहाटे? उकडतं म्हणून दार उघडं टाकून झोपायचं, किंवा एकाची शिफ्ट सुटणार म्हणून रूमवर कडी न लावता पडायचं, आणि सकाळी चार्जिंगचे मोबाईल, लॅपटॉप गायब. कॉट बेसिसवर, म्हणजे एका रूममध्ये खाटेपुरतं भाडं देऊन राहणाऱ्या पोरांनो, हे तुमच्यासाठी आहे. प्रत्येकाला किल्ली द्या आणि कडी लावा.

## टप्पा ६: सोनं, रोकड, कागद

घरातलं कमी करा, म्हणजे राखायचं कमी होतं. अडीअडचणीला म्हणून घरात रोकड ठेवायची पद्धत कळते, पण आठवडाभराच्या खर्चाच्या पलीकडे नको. भिशी लागली तर ती रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत. पोस्टात आरडी महिना १०० रुपयांपासून उघडते, थोडे-थोडे बाजूला टाकायला ती डब्यापेक्षा बरी.

पैसे बँकेत टाकताना एक हिशोब लक्षात ठेवा. बँक बुडाली तर डीआयसीजीसीचं (ही बँक ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची कंपनी) विमा संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. हे संरक्षण पतसंस्थांना नाही. दीड-दोन टक्के जादा व्याज मिळतं म्हणून घरातली सगळी जमा पतसंस्थेत नेऊन टाकू नका, कितीही ओळखीचे संचालक असोत.

लॉकरबद्दल मोठा गैरसमज आहे. बँकेला आत काय आहे ते माहीतच नसतं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत पडणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यात नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख, आणि सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेच्या चुकीमुळे नुकसान झालं नसेल तर तेवढीही नाही. तरीसुद्धा घरातल्या कपाटापेक्षा लॉकर चांगलाच, फक्त नॉमिनी लावा.

घरातच ठेवायचं असेल तर निदान कपाटाच्या लॉकरची किल्ली त्याच कपाटात साड्यांखाली ठेवू नका. चोर पहिल्यांदा तिथेच हात घालतो.

आता यादी, यात एक तास घालवा:

१. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, बिल. हॉलमार्कवर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, असेल तर तो वहीत लिहा.
२. मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, *#०६# दाबला की दिसतो. लॅपटॉप, टीव्हीचा सिरियल नंबर मागच्या पट्टीवरून.
३. गाडीचा चेसिस नंबर, आरसी, विमा.
४. घराचा करारनामा, सातबारा, पॉलिसी यांचे स्कॅन. आधार, लायसन्स, आरसी डिजिलॉकरमध्ये घेता येतात.

ही यादी घरातल्या लॅपटॉपवरच ठेवली तर लॅपटॉपसोबत जाते, म्हणून एक प्रत बहिणीकडे किंवा ईमेलमध्ये.

विमा घेतलाय तर वाचून बघा. गृहकर्जासोबत बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी बहुधा आगीची असते. भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप येतात, पण चोरी फक्त अशा घटनेनंतर ७ दिवसांत, तिच्यामुळे झाली तरच धरतात. साधी घरफोडी त्यात येत नाही, तिचं कव्हर वेगळं मागावं लागतं. आणि दागिन्यांची मर्यादा वेगळी असते, ती एजंटकडून लेखी घ्या.

## टप्पा ७: पैसे उरले तरच कॅमेरा

कॅमेरा चोर दाखवतो, थांबवतो असं नाही. घ्यायचाच असेल तर घरातला जुना स्मार्टफोन आधी वापरून बघा, कॅमेऱ्याचं अॅप टाकून चार्जरला लावून दाराकडे तोंड करून ठेवता येतो. नवा घेताना मेमरी कार्डवर रेकॉर्ड होतं का ते विचारा, नाहीतर दर महिन्याला क्लाउडचे पैसे भरत बसाल. कार्ड कॅमेऱ्यातच असतं, चोराने कॅमेराच नेला तर रेकॉर्डिंगही गेलं, म्हणून उंचावर, हात न पोचेल असा लावा. पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, आलेला तसाच ठेवला तर बाहेरचा कुणी तुमचं घर बघेल. शेजाऱ्यांच्या दारात तोंड करू नका, भांडणं होतात.

तपासा: रात्री दिवा बंद करून घरातल्याच कुणाला दारासमोर उभं करा, चेहरा ओळखू येतो का? नुसता पांढरा ठिपका दिसत असेल तर जागा बदला.

## टप्पा ८: गावाला निघताना, याच क्रमाने

गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, लग्न. आठ दिवस आधी पेपर आणि दूध बंद करायला सांगा. स्टेटसला तिकिटाचा, बॅगांचा फोटो टाकू नका, परत आल्यावर टाका, मुलांनाही सांगा. जास्त दिवस घर बंद राहणार असेल तर पोलीस ठाण्यात कळवून ठेवा, सणासुदीला पोलीसच तसं आवाहन करत असतात.

निघायच्या दिवशी:

१. गॅसचा रेग्युलेटर बंद.
२. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद.
३. मेन स्विच पाडू नका, इथे बरेच जण चुकतात. मेन पाडला की बाहेरचा दिवा आणि कॅमेरा दोन्ही गेले. विजेच्या बोर्डातल्या (डीबी) वेगवेगळ्या छोट्या स्विचांवर (एमसीबी) आधीच खडूने किंवा चिकटपट्टीवर नावं लिहून ठेवा आणि गीझर, एसी, किचन एवढेच पाडा.
४. खिडक्या, काठ्या टाकल्या का, बाथरूम, गच्ची. प्रत्येकाचा मोबाईलवर एक फोटो काढा. ट्रेनमध्ये बसल्यावर "गॅस बंद केला का" हे फोटो बघून सुटतं, शेजाऱ्याला किल्ली घेऊन पळवावं लागत नाही.
५. मुख्य दार, किल्लीचे दोन आटे. हिसकवून बघा.
६. सेफ्टी डोअर. पुन्हा हिसकवा.

किल्ली बॅगेत वरच्या खणात नको, अंगावर ठेवा.

## टप्पा ९: तरीही घर फोडलंच तर

दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका, चोर आत असू शकतो. खाली या, शेजाऱ्यांना हाक मारा, ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. पोलीस येईपर्यंत कपाट, दार, सांडलेले कपडे कशालाही हात लावू नका, बघ्यांना आत सोडू नका, कुणी झाडू घेतला तर हातातून काढून घ्या. ठसे त्यातच जातात.

पंचनाम्याच्या वेळी टप्पा ६ मधली यादी हातात असेल तर तक्रार नेमकी होते. "अंदाजे सोन्याचे दागिने" आणि वजन, फोटो, एचयूआयडीसह लिहिलेले दागिने यात पुढे मुद्देमाल सापडल्यावर ओळख पटवताना फार फरक पडतो. जे नंतर लक्षात येईल त्याचा पुरवणी जबाब देता येतो, त्यामुळे घाईत काही आकडे ठोकून देऊ नका.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द कुठलीही असो. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका, पुढे सगळीकडे तीच लागते.

त्याच दिवशी कार्डं ब्लॉक करा, चेकबुक गेलं असेल तर बँकेला स्टॉप पेमेंट सांगा, सिम बंद करून त्याच नंबरचं नवं काढा, मग तक्रारीच्या प्रतीसह संचार साथी या सरकारी साइटच्या सीईआयआर (चोरीचे मोबाईल बंद करायच्या) पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, उशीर केला की क्लेमला नाट लागतो. पुढच्या काही दिवसांत "तुमचा माल सापडलाय, लिंकवर पैसे भरा" असा फोन आला तर भरू नका, भरले गेलेच तर तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पंचनामा झाला की रात्र पडायच्या आत दार तात्पुरतं बंद करून घ्या. उपटलेल्या कोयंड्याच्या जागी त्याच भोकांत स्क्रू मारून भागणार नाही, दोन इंच वर किंवा खाली, चांगल्या लाकडात, अडीच इंची स्क्रूने लावा आणि कुलूप नवं वापरा, जुन्याच्या किल्ल्या कुणाच्या हातात गेल्यात ते आता सांगता येत नाही.